चौकटीबाहेर राहिलेली वस्ती

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले आणि आम्ही तिघेही काहीसे संकोचलो. आम्ही कोणी लेखक नव्हे. एक जण महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवतो, दुसऱ्याचा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे आणि तिसरा बँकेत नोकरीला आहे. परंतु पाचवीपासून दहावीपर्यंत वसतिगृहाच्या एकाच खोलीत आमच्या तीन पेट्या शेजारी शेजारी होत्या, सुट्टीत तिघेही साकीनाक्याच्या एकाच टेकडीवर घरी जात होतो, आणि एका छायाचित्राची लाज आम्ही तिघांनी मिळून आजवर बाळगली आहे. म्हणून हा लेखही तिघांनी मिळून लिहिला आहे. येथील ‘आम्ही’ आदरार्थी नाही, मोजून तिघांचे आहे.

ज्या छायाचित्राविषयी लिहायचे ते बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. शाळेच्या मधल्या व्हरांड्यात, ग्रंथालयाच्या दाराच्या डाव्या हाताला ते आजही टांगलेले आहे. कृष्णधवल आहे. वर दाटून आलेले वळिवाचे ढग, त्यांच्या कडेला मावळतीच्या उजेडाची एक पांढरी रेघ, आणि खाली डोंगराची काळी धार. खाली चिठ्ठी आहे : ‘मेघागमन. वार्षिक कलाप्रदर्शन, प्रथम क्रमांक.’ हा कोणता डोंगर, असे गेल्या वीस वर्षांत अनेकांनी आम्हाला विचारले. कोणी हरिश्चंद्रगड म्हणाले, कोणी महाबळेश्वर. आम्ही हसून विषय बदलत आलो. तो डोंगर साकीनाक्याचा आहे, आणि त्या चित्राच्या खाली जे होते ते आम्ही आमच्या हाताने काढून टाकले होते.

हे सांगण्यापूर्वी आमच्या चित्रकलेच्या सरांविषयी सांगितले पाहिजे. सरांकडे एक जुना याशिका कॅमेरा होता. रोल छत्तीस फोटोंचा, छंदवर्गात मुले बारा. म्हणजे महिन्याला प्रत्येकाच्या वाट्याला तीनच फोटो. आजच्या मुलांना हे खरे वाटणार नाही. हातातल्या मोबाइलवर ती एका सायंकाळी तीनशे फोटो काढतात. आम्हाला मात्र एकेक फोटो आठवडाभर मनात काढून पाहावा लागे.

पहाटेची वंदना आटोपली की रविवारी सर आम्हाला शाळेमागच्या टेकडीवर नेत. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही, असा दंडक होता. नुसते बसायचे आणि उजेड पाहायचा. सूर्य क्षितिजालगत असला की उजेड आडवा येतो. नांगरटीच्या प्रत्येक सरीला सावली मिळते, बांधावरचा दगडन् दगड उठून दिसतो. तेच शेत दुपारी बारा वाजता पाहिले तर भाजलेल्या भाकरीसारखे सपाट. धुके असले की जवळची झाडे काळी, मागची करडी आणि त्यामागची जेमतेम दिसणारी, असे थर पडतात, आणि कागदावर नसलेली खोली डोळ्याला जाणवते. क्षितिज चित्राच्या बरोबर मध्यावर ठेवले की आकाश आणि जमीन दोन्ही सारख्याच बोलू लागतात व आपल्याला कोणाचेच ऐकू येत नाही. तेव्हा हे चित्र आकाशाचे की जमिनीचे, ते आधी ठरवा, असे सर सांगत. दूरचे दूर वाटावे म्हणून जवळचे काही तरी घ्या : बाभळीची फांदी, गाडीवाट, पाणवठ्याची पायरी. आणि माणूस असेल तर त्याला हाकलू नका. माणूस करंगळीएवढा दिसला तरी डोंगर किती मोठा आहे ते त्याच्यामुळेच कळते.

एकदा आमच्यातल्या एकाने विचारले होते, “सर, पण फोटोत दुःख कसं आणायचं?” सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डोंगर दुःखी नसतो रे, आनंदीही नसतो. तू कुठे उभा राहिलास, कशाची वाट पाहिलीस आणि काय आत घेतलंस, ते बघणाऱ्याला कळतं. तेवढंच आपल्या हातात.” तेव्हा हे उत्तर आम्हाला अपुरे वाटले होते.

छायाचित्रण हा मुळात आपल्या मुंबईचा जुना छंद आहे, हेही आम्हाला सरांकडूनच कळले. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. अजिंठ्याची गोष्ट तर सर दरवर्षी सांगत. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने कित्येक वर्षे तेथे राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या रंगीत प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळून गेल्या. परंतु मधल्या काळात त्याने कॅमेरा हाती घेतला होता, आणि लेण्यांची व वास्तूंची त्याने घेतलेली छायाचित्रे १८६४ सालीच पुस्तकरूपाने निघाली होती. “वर्षानुवर्षांची मेहनत जळली आणि काचेवरचं राहिलं,” असे म्हणून सर थांबत. मूळ निगेटिव्ह कधी फेकू नका, एवढाच त्या गोष्टीचा बोध आम्ही तेव्हा घेतला होता. तो पुढे उपयोगी पडला.

आता साकीनाक्याविषयी. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता जेथे मिळतात तो हा नाका. खैरानी रोडच्या आत शिरले की लेथ मशिनांचा खडखडाट, भंगाराची गोदामे, कपडे शिवण्याचे गाळे. विहार आणि पवई तलावांकडून निघालेली मिठी नदी याच भागातून पुढे कुर्ल्याकडे जाते. लहानपणी तिला नदी म्हणतात हेच आम्हाला ठाऊक नव्हते. विमानतळ इतका जवळ की विमानाच्या पोटावरची अक्षरे वाचता येत. आणि त्या सगळ्याच्या पाठीशी टेकड्या, त्यांच्या उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरे. खाली दगडी जोते, वर विटा, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर निळी ताडपत्री. पाण्याचा निळा पिंप दारात. घरी जायचे तर दीडशे पायऱ्या.

वसतिगृहात रात्री दिवे गेले की मुले आपापल्या गावाविषयी बोलत. कोणाच्या गावी नदी, कोणाच्या गावी मोसंबीची बाग. आमची पाळी आली की आम्ही म्हणत असू, “आम्ही अंधेरीला राहतो.” एकाच वाक्यात टेकडी, ताडपत्री, पिंप सगळे झाकले जाई. यात कोणी आम्हाला हिणवले नव्हते, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. ती लाज आमची आम्हीच शिकलो होतो.

२००४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत सरांनी आम्हाला विश्वासाने कॅमेरा आणि एक रोल घरी नेऊ दिला. सोबत ढग उठावदार दिसावेत म्हणून भिंगावर लावायची पिवळी काचही दिली. महिनाअखेरीस एका सायंकाळी आभाळ भरून आले. समोरच्या उंचवट्यावर एका अर्धवट भिंतीला कॅमेरा टेकवून आम्ही आमच्याच टेकडीकडे तोंड करून उभे राहिलो. अडचण अशी की आकाशाचा उजेड मोजून फोटो घ्यावा तर खालचा उतार काळा पडणार, आणि उताराप्रमाणे घ्यावा तर ढग धुऊन जाणार. दोन्हींच्या मधला आकडा धरला. श्वास रोखून खटका दाबला. त्या रोलवरचा तो एकोणिसावा फोटो.

शाळेत परतल्यावर सरांनी स्वतः रोल धुतला. विज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत लाल दिव्याखाली, तालुक्याच्या एका स्टुडिओवाल्याने दिलेल्या जुन्या एन्लार्जरवर प्रती काढायच्या. प्रदर्शनासाठीची प्रत आम्ही तिघांनी काढली. एन्लार्जरची मान जसजशी वर न्यावी तसतसे चित्र पसरत जाते आणि कागदाच्या कडेबाहेर सांडू लागते. आम्ही मान वर नेत राहिलो. प्रथम पायऱ्या गेल्या, मग नळ, मग पत्रे. आमची घरे कागदावरून घसरून टेबलाच्या लाकडावर पडली आणि तेथे उलट्या उजेडात थरथरत राहिली. कागदावर फक्त ढग आणि डोंगराची धार उरली. कोणी कोणाला काही म्हणाले नाही. ‘किती सुंदर दिसतंय,’ एवढेच एक जण म्हणाला, आणि ते खोटेही नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी सर त्या चित्रासमोर उभे राहिले. “ढग छान धरलेत,” म्हणाले. मग विचारले, “याच्या खाली काय आहे रे?”

आम्ही म्हणालो, “काही नाही, सर.”

सरांनी रोल स्वतः धुतला होता. खाली काय आहे ते त्यांनी पाहिलेले होते. त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले, मान हलवली आणि पुढच्या चित्राकडे गेले.

दहावी झाली आणि आम्ही घरी परतलो. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी आपल्या काठांवरून उठली. रस्त्यांवर छातीइतके पाणी, गाड्या बंद, दिवे बंद, फोन बंद. आणि साकीनाक्याच्या टेकडीवरची दरड वस्तीवर आली. आमची घरे एका अंगाला होती, ती राहिली. पलीकडची ओळ गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फावडी, घमेली आणि हात घेऊन जे काम वस्तीने केले, त्याविषयी आम्ही अधिक लिहू शकत नाही.

पलीकडच्या ओळीतल्या एका मावशींची मुलगी त्यात गेली. मावशी शिवणाच्या गाळ्यावर कामाला होत्या, पाण्यामुळे तेथेच अडकल्या, म्हणून राहिल्या. घरातला कागद, भांडे, कपडा काहीही हाती लागले नाही. दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी त्या आमच्या दाराशी आल्या. आम्ही म्हणालो, “मावशी, आत या, बसा.” त्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, “तुमच्या शाळंत आपल्या टेकडीचा फोटू लावलाय म्हणं. तुझी आई सांगत हुती. त्यात माझं घर असंल का रं, बाळांनो?”

बक्षीसपात्र चित्राची एक प्रत आमच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेली होती. ती काढून मावशींपुढे धरण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. “बघतो, मावशी,” एवढेच म्हणालो.

नाक्यावरच्या पीसीओवरून शाळेत फोन केला. सर फोनवर आले. काय झाले ते आम्ही तुटक तुटक सांगितले आणि एकोणिसाव्या फोटोची निगेटिव्ह पाहिजे म्हणालो. त्यांनी काही विचारले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी रजिस्टर टपालाने पाकीट आले. आत बटर पेपरमध्ये ठेवलेली निगेटिव्हची पट्टी, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दोनच शब्द होते : ‘पूर्ण छापा.’

घाटकोपरच्या एका स्टुडिओत आम्ही दहा बाय बाराची प्रत काढून घेतली. या वेळी पायऱ्या होत्या, नळ होता, पत्रे होते, सगळी वस्ती होती. उताराच्या मध्यावर एक पांढरा ठिपका होता. स्टुडिओवाला म्हणाला, “निगेटिव्हवर धूळ बसलेली दिसते. ब्रशने टिपून देतो.” आम्हालाही ती धूळच वाटली. केवळ बाहेर अंधार पडत होता आणि घरी जायची घाई होती, म्हणून आम्ही नको म्हणालो.

मावशींनी प्रत मांडीवर घेतली. आकाशाकडे त्यांचे लक्षही गेले नाही. बोट नळावर ठेवले, तेथून पायऱ्या मोजत वर नेले. “ह्यो नळ. ह्यो जिना. ही तिसरी खोली.” बोट पांढऱ्या ठिपक्याशी येऊन थांबले. “ही वाकळ हाय. पावसाच्या आधी धुऊन पत्र्यावर टाकल्याली. पोरीनं अन् म्या मिळून शिवल्याली.”

मेअखेरीस पावसाळ्यापूर्वी वाकळी धुण्याचा घरोघरचा रिवाज. आम्हाला तो ठाऊक होता. आमच्याही आया तेच करीत. तरी डोळ्यांना धूळ दिसली होती.

मावशी रडल्या नाहीत. प्रत किती रुपयांना पडली, ते विचारले. मग त्यांनी पिशवीतून एक छोटी फ्रेम काढली. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावण्यासाठी ती त्यांनी आधीच विकत आणून ठेवली होती. फोटो फ्रेमपेक्षा मोठा होता. मावशी म्हणाल्या, “वरचं ढग कापून टाका. तेवढं घर ऱ्हाऊ द्या.”

पोलादी पट्टी आणि ब्लेड घेऊन आम्ही ते ढग कापले. ज्यांच्यासाठी प्रथम क्रमांक मिळाला होता तेच ढग, तीन बोटे रुंदीची पट्टी होऊन जमिनीवर पडले. ती पट्टी आमच्यातल्या एकाने आजही जपून ठेवली आहे.

पुढे आम्ही तिघेही छायाचित्रणाच्या नादातून सुटलो नाही. पुस्तके मिळतील तशी पाहिली. अमेरिकेचे अॅन्सेल अॅडम्स हे निसर्गचित्रणातले मोठे नाव. त्यांचे १९४४ सालचे माउंट विल्यमसन या पर्वताचे छायाचित्र जगभर गाजले आहे. समोर दूरवर पसरलेले अजस्र गोल धोंडे, मागे पर्वत आणि ढगांतून उतरलेला उजेड. पाहताना मन स्तब्ध होते. हे चित्र त्यांनी मॅन्झनार येथून घेतले. मॅन्झनार म्हणजे छावणी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशात राहणाऱ्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून ज्या छावण्यांत ठेवले, त्यांतील ही एक. त्यांत बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. त्या भव्य चित्रात छावणीची एकही झोपडी नाही. अॅडम्स यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्या माणसांची छायाचित्रे त्यांनी स्वतंत्रपणे घेतली आणि त्याच वर्षी पुस्तक काढून त्यांची बाजू जगापुढे मांडली. त्याच छावणीत तोयो मियाताके नावाचे एक छायाचित्रकार बंदी होते. कॅमेरा बाळगण्यास मनाई असताना त्यांनी एक भिंग लपवून आत नेले, लाकडाची पेटी करून तिला ते बसवले आणि कुंपणाच्या आतून चित्रे घेतली. पर्वत तोच. एक जण बाहेरून आलेला, एक आत राहणारा. ही हकीकत वाचली तेव्हा सरांचे ‘कुठे उभा राहिलास’ हे शब्द आम्हाला पुन्हा ऐकू आले.

आम्ही तर आत राहणारे होतो, आणि चित्र बाहेरच्यासारखे छापले होते.

याच सुमारास आम्ही महाकालीच्या लेण्यांत जाऊ लागलो. साकीनाक्यापासून फार लांब नाहीत; अंधेरी पूर्वेला, कोंडिविटे या जुन्या गावाच्या नावानेही ती ओळखली जातात. लहानपणी त्या बाजूने अनेकदा गेलो, पण आत काय आहे याची चौकशी केली नव्हती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे काही शतके खोदत गेलेली ही एकोणीस बौद्ध लेणी आहेत. त्यांतील नवव्या लेण्यात चैत्य आहे. त्याच्या आत, डोंगराच्या पोटात, स्तूपाभोवती कोरीव जाळीच्या खिडक्या असलेली एक गोल कोठी आहे. तिची भिंत आणि घुमटी छप्पर पाहिले की गवताने शाकारलेली झोपडी आठवते. खडक कोरणाऱ्या त्या कारागिरांनी अख्खा डोंगर हाताशी असताना त्यात आपल्या ओळखीचे घर कोरले. आमच्यापैकी चित्रकला शिकवणाऱ्या मित्राने तेथे बसून एकच वाक्य म्हटले, “यांनी झोपडी कापली नाही.”

त्या कोठीचे छायाचित्र घेण्यासाठी आम्ही सात-आठ वेळा गेलो. आत अंधार इतका की कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून बरेच सेकंद पडदा उघडा ठेवावा लागतो. दारातून येणारा उजेड जाळीपर्यंत पोहोचतो आणि तेथे विरतो. एकदा वस्तीतल्या एक आजीबाई मेणबत्ती घेऊन आत गेल्या आणि जाळीमागून तो उजेड बाहेर झिरपला. ते चित्र आमच्या मते आमचे सर्वांत चांगले. त्यात आजीबाई दिसत नाहीत. फक्त घरात कोणी तरी आहे, एवढे कळते.

साकीनाका आता पुष्कळ बदलला आहे. ८ जून २०१४ रोजी मेट्रो सुरू झाली. लेथचे गाळे मागे सरकले, काचेच्या इमारती पुढे आल्या. मेट्रोने घाटकोपरकडे निघाले की पुढचेच स्थानक असल्फा. तेथील टेकडीवरच्या घरांच्या भिंती २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमातून स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगांनी रंगवल्या. डब्याच्या खिडकीतून लोक मोबाइल उंचावून त्याचे फोटो घेऊ लागले. आपली वस्ती पाहण्यासारखी झाली याचा आनंद तेथील पोरांच्या तोंडावर आम्ही पाहिला आहे, आणि तो आनंद खरा आहे. परंतु धावत्या गाडीतून घेतलेल्या त्या फोटोत पायऱ्या किती आणि हंडा घेऊन त्या कोण चढते, ते येत नाही. त्यासाठी उतरावे लागते. निदान एक स्थानक.

उंचावरूनही पाहता येते. गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून घेतलेली किल्ल्यांची आणि सागरकिनाऱ्याची छायाचित्रे पाहून आपल्या महाराष्ट्राचा आकार आम्हाला प्रथम समजला. आणि जवळूनही पाहता येते. अकोल्याहून मुंबईत आलेले सुधारक ओलवे यांनी येथील सफाई कामगारांच्या मागे गटारांपर्यंत, कचऱ्याच्या ढिगांपर्यंत जाऊन चित्रे घेतली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे पाहिल्यावर मुंबईचा स्वच्छ रस्ता पूर्वीसारखा दिसत नाही. तो कोणी तरी झाडलेला रस्ता दिसू लागतो.

शाळेतल्या आजच्या मुलांना सांगावेसे वाटते. सरांनी शिकवलेले उजेडाचे, क्षितिजाचे, जवळच्या-दूरच्या वस्तूंचे नियम अजून तेच आहेत. मोबाइल कितीही महाग असला तरी सकाळचा आडवा उजेड त्याला निर्माण करता येत नाही. त्यासाठी लवकर उठावे लागते. चित्रात गोष्ट यावी असे वाटत असेल तर त्या जागी एकदा नव्हे, वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी जा. तेथे राहणाऱ्या माणसाशी बोला. कोणता ठिपका धूळ आहे आणि कोणता वाकळ, ते तोच सांगेल. फोटो कापायचा असेल तर कापा. आम्ही स्वतः व्यवसायात रोज कापतो. एखादी वेडीवाकडी तार, अर्धवट आलेली फांदी कापलीच पाहिजे. मात्र मूळ प्रत सांभाळून ठेवा, आणि कात्री चालवताना हात का चालतो आहे, ते स्वतःला विचारा. आम्हाला कोणी विचारले होते, आणि आम्ही ‘काही नाही’ म्हणालो होतो.

आणि प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने गावाचे, वस्तीचे नाव आणि तारीख लिहा. ‘मेघागमन’ असले नाव कोणत्याही डोंगराला देता येते. आम्ही तेच केले, म्हणून आमची टेकडी वीस वर्षे हरिश्चंद्रगड म्हणून खपली.

सर आता निवृत्त होऊन त्यांच्या गावी असतात. मागच्या दिवाळीत आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. वयामुळे डोळ्यांना कमी दिसते. मावशींची हकीकत त्यांना आम्ही टपालाने कळवली होती, पण समोरासमोर प्रथमच बोललो. आम्ही म्हणालो, “सर, तेव्हा आम्ही तुमच्याशी खोटं बोललो.” सर म्हणाले, “मला ठाऊक होतं. तुम्ही पंधरा वर्षांचे होता. मी ते बक्षीस द्यायला नको होतं, असं मला पुष्कळदा वाटलं.” म्हणजे ती लाज तिघांची नव्हती, इतकी वर्षे चौघांची होती.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेकडे आमची एक विनंती आहे. एकोणिसाव्या फोटोची पूर्ण प्रत आम्ही नव्याने छापून, चौकट करून सोबत पाठवीत आहोत. व्हरांड्यातले जुने चित्र काढू नये. ते आमच्या हातचे आहे, आणि वसतिगृहात ‘आम्ही अंधेरीला राहतो’ असे म्हणणारी मुले आजही असतील. त्यांनी ते पाहावे. पूर्ण प्रत त्याच्या शेजारी, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी. मावशींची परवानगी आम्ही घेतली आहे. चिठ्ठी आम्ही लिहून पाठवली आहे. तिच्यावर एवढाच मजकूर आहे :

‘साकीनाका, मुंबई. मे २००४. डोंगराखाली आमची घरे. मध्यावर पत्र्यावर वाळत घातलेली वाकळ.’